वहीत लिहून नेता, ते परत आणा
(अंबाडीच्या मेळाव्यात झालेलं भाषण)



कामं टाकून आलात, म्हणून लांबण लावत नाही.

आपल्या पाड्यांवर विद्यापीठाचे लोक येतात. सर येतात, मॅडम येतात, बरोबर वह्या घेतलेली पोरं. चौक कसा लिहिता, देव कोणता, दारू किती पिता, सगळं इचारतात. आपण कोरा चहा देतो, सांगतो. ते जातात. लिहिलेल्याचं काय झालं, आपल्याला कळत नाय.

हे जुनंच आहे. १९४५ साली के. जे. सावे यांनी वारल्यांवर पुस्तक काढलं, इंग्रजीत. त्याच साली डहाणू-तलासरीकडचे वारली वेठ मोडायला उठले होते. त्यांच्यातल्या कुणाला ते वाचता येणार होतं? मुंबई विद्यापीठाचे घुर्ये सर तर आपल्याला मागासलेले हिंदू म्हणून मोकळे झाले.

शिकलेली माणसं वाईट, असं आमचं म्हणणं नाही. डॉ. गोविंद गारे महादेव कोळ्यांतले. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचे संचालक झाले, आदिवासींवर मराठीत पुस्तकं लिहिली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेजात १९६८ साली काळ्या आणि इतर पोरांनी संप केला. आमचा इतिहास आमच्या माणसांनी शिकवायचा, ही मागणी. चार महिन्यांवर संप चालला, तेव्हा १९६९ साली तो विभाग निघाला. मागितल्याशिवाय तिथंही कुणी दिलं नाही.

आता आपल्या प्लॉटचं ऐका. वनहक्काच्या नियम १३ मध्ये पुरावे सांगितलेत. एकाहून जास्त पुरावे लागतात. नामांकित संस्थेचा अभ्यास पुरावा म्हणून चालतो. म्हणजे आपण सांगितलेलं, जे त्यांच्या कपाटात पडलंय, ते आपल्या दाव्याच्या कामाचं आहे! आणि आपण ते फुकट देऊन बसलो.

म्हणून यापुढे कुणी आलं तर आधी गावसभा. काय लिहिणार ते तिथं सांगायचं. देव-नाच लिहा, पण कोण कुठली जमीन कधीपासून कसतो, कुठनं लाकूडफाटा आणतो, तेही लिहा. मराठी प्रत गावात द्या. कबूल नसेल तर चहा प्या आन् जा.

त्यांची वाटही बघत बसायचं नाही. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा त्याच नियमात पुरावा आहे. आज जेवणं झाली की बारावी-दहावीची पोरंपोरी कागद घेऊन वडाखाली बसतील. म्हाताऱ्यांना तिकडं पाठवा, आजीलापण. तिला नुसती भाकरी करायला मागं ठेवू नका.