मासळीचा मुरघास आणि आपल्या कोंबड्या

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकताच काही जणींनी पदर नाकाला लावला, तो मला दिसतो आहे. माळकरी भगिनींनी थोडा वेळ सोसावे. ब्रॉयलर कोंबड्यांवर शंभर रुपये खर्च झाले तर त्यांतले साठ-सत्तर खाद्यातच जातात. त्यातही महाग पडते ती प्रथिनांसाठीची सोयाबीनची पेंड. इकडे हतनूरच्या जलाशयातली मासळी बाजारात चिरली, की डोकी, कल्ले, आतडी उकिरड्यावर! त्यांतही प्रथिनेच आहेत.

गुरांसाठी आपण मक्याचा मुरघास करतोच. फिनलंडच्या विर्तानेन यांनी आम्ल घालून चारा टिकवण्याची रीत काढली. त्यांना 1945 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे तीच रीत युरोपात मासळीला लावली गेली. आपल्या घरी ते आम्ल दही-गुळातून तयार होते. बिबड्यांसाठी ज्वारी आंबवणाऱ्या खानदेशी बाईला आंबवण्याचे काय सांगायचे?

टाकाऊ भाग त्याच सकाळचे घ्यावेत. ते बारीक करून चांगले उकळावेत, कारण रोहू-कटल्याच्या जातीच्या कच्च्या मासळीत ब-1 जीवनसत्त्व नासवणारे द्रव्य असते. निवल्यावर दहा किलोला दीड किलो गूळ व अर्धा किलो ताजे दही कालवून प्लास्टिकच्या पिंपात दाबून भरावे. झाकण घट्ट लावावे. मात्र रोज क्षणभर सैल करून आतला वायू सोडावा. आठवड्याने आम्लता दाखवणारी कागदी पट्टी बुडवावी. आकडा 4.5 च्या खाली असला आणि वास आंबट असला, तरच ते खाद्य. नाही तर पिंप रिकामे करून सारे खोल पुरावे. गुळाचे पैसे गेले म्हणून हळहळू नये. नासक्या मासळीच्या विषाने कोंबड्या माना टाकतात.

आणखी एक. त्याच बाजारातली कोंबडीची आतडी या पिंपात कदापि पडू देऊ नका. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. आजार आपल्या हाताने घरात कशाला आणावा?

हा लगदा बहुतांशी पाणीच असतो. मक्याच्या भरड्यात कालवून तो उन्हात खडखडीत वाळवावा. ऊन आपल्याकडे फुकट आहे! खाद्याच्या शंभर किलोत वाळल्या मासळीचा भाग पाच किलोंपर्यंतच ठेवावा आणि पेंड तेवढ्याच बेताने कमी करावी, एकदम बंद नव्हे. पक्षी विकण्याआधी दहा दिवस मात्र हे खाद्य थांबवावे. मांसाला मासळीचा वास आला, तर गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे राहणार नाही.