मुलांच्या शाळेने मुलांना काय द्यावे?

सातारा-सांगली जिल्ह्यांतील निवासी शाळांचे मुख्याध्यापक, गृहपाल बंधू-भगिनींनो,

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी भरलेल्या या परिषदेत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. कुणी जत-आटपाडीहून पहाटेची एसटी धरून आला आहात, कुणी पसरणी घाट उतरून, तर कुणी कृष्णा-वारणेच्या काठावरून. पाचगणीच्या मिशनरी शाळांतून आलेल्या धर्मभगिनींचे आणि फादरांचे मी विशेष स्वागत करतो. 1895 पासून तिथले सेंट जोसेफ कॉन्व्हेंट मुलींना शिकवत आले आहे. निवासी शिक्षणाचा एवढा दीर्घ अनुभव आपल्या चर्चेला हवाच होता.

या भूमीचे शिक्षणाशी नाते जुने आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाळ भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाले. वसतिगृहांच्या वाटेवर मात्र आपले दोन्ही जिल्हे एकाच माणसाने जोडले. सांगलीकडच्या दूधगावात 1910 मध्ये विद्यार्थी आश्रम उभा राहिला, त्यामागे भाऊराव पाटील होते. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले तिथे एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे स्वतः करत. कोठीत धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. मुलांच्या बोर्डिंगचा इतिहास सांगताना हे ऋण आधी सांगितले पाहिजे.

मित्रहो, मीही मुलांच्या निवासी शाळेचा मुख्याध्यापक आहे. सरत्या वर्षाकडे पाहताना निकालाच्या फलकापेक्षा मला वसतिगृह अधिक आठवते. जूनमध्ये पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन मुलगा येतो. जेवण झाले की ताट तसेच ठेवून उठतो, कारण घरी ते बहीण उचलत असे. रात्री घरची आठवण येते तेव्हा पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो, कारण ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे वाक्य तो ऐकून आलेला असतो. या दोन सवयी सुटायला अख्खे वर्ष लागते, आणि माझ्या मते शाळेचे खरे काम तेच आहे.

आषाढीआधी माउलींची पालखी लोणंद-फलटणच्या वाटेने जाते. वारकऱ्यांना पाणी वाढणारी, पंगतीनंतर खरकटे उचलणारी मुले पाहिली की वाटते, ही सेवा रस्त्यावर जमते, मग घरात का जमू नये? श्रावण-भाद्रपदात नदीकाठच्या मुलांचे कान पाण्याच्या पातळीकडे लागलेले असतात. 2019 च्या महापुराने सांगलीची घरेदारे बुडवली, ती भीती त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते आणि काही मुलांचे आईबाप फडावर जातात. अशा वेळी त्या मुलाला गणितापेक्षा जवळ बसणारे माणूस हवे असते. वरच्या वर्गातला मुलगा आपणहून लहानग्याच्या खाटेवर जाऊन बसतो, तेव्हा वर्षाचे चीज झाले असे मी मानतो.

मुलग्यांनी घरकाम आणि माया शिकावी हे मी कळकळीने सांगतो, त्याला कारण आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे नऊशे मुलीही नव्हत्या. त्याच वर्षी साताऱ्यात ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, हे नाव लागलेल्या 285 मुलींना जिल्हा परिषदेने नवी नावे दिली. ज्या घरांनी लेकींना ‘नकुशा’ हे नाव दिले, त्या घरांतले पुरुष कधीतरी कुठल्यातरी शाळेच्या बाकावर बसले असतील. त्यांना आपण पाढे शिकवले, पुस्तके शिकवली. लेक जन्मल्याचा आनंद मानायला शिकवले नाही. उद्याचे बाप आज आपल्या वसतिगृहांत झोपतात, ही जाणीव मुलांच्या शाळेला हवी.

म्हणून परिषदेपुढे मी तीन विषय ठेवतो. पहिला, स्वयंपाक, कपडे आणि साफसफाई यांची पाळी दहावीच्या मुलांनाही सुटू नये. अभ्यासाच्या नावाखाली आपणच त्यांना सूट देतो. दुसरा, गृहपाल हा केवळ हजेरी घेणारा नसावा. मुलाचे ऐकून घेण्याचे रीतसर प्रशिक्षण त्याला मिळावे, आणि मोठ्या मुलांकडून लहानांना होणारा त्रास वेळीच त्याच्या लक्षात यावा. तिसरा, मुलींच्या प्रवेशाचा मोकळेपणाने विचार व्हावा. 1961 मध्ये साताऱ्यात सुरू झालेले देशातले पहिले सैनिक स्कूल दीर्घकाळ केवळ मुलांचे होते. तिथेही आता मुली शिकतात. आपल्यापैकी ज्यांना मुलांचीच शाळा चालवायची आहे, त्यांनी ती कशासाठी, याचे उत्तर पालकांना द्यावे लागेल. माझे उत्तर असे : आयते हातात देणारे कुणी नसते, तिथे मुलगा सगळे स्वतः करायला शिकू शकतो. पण ते आपण शिकवले तरच.

दोन दिवसांच्या निवासात आणि भोजनात काही उणे राहिले तर हक्काने सांगा. स्वयंसेवक मुले आपल्या दिमतीला आहेत. त्यांना नावाने हाक मारा, त्यांच्याशी बोला. आपल्या चर्चेतून निघालेले ठराव जूनच्या वेळापत्रकात उतरावेत, एवढी अपेक्षा स्वागत समितीच्या वतीने व्यक्त करतो.