चेहऱ्यावरची खूण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी बालमेळाव्यात पालकांसमोर केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या फायलींत आयुष्य घालविलेला एक गृहस्थ आहे. मुलांच्या चेहऱ्याला होणाऱ्या इजांविषयी बोलण्याचा अधिकार मला माझ्याच एका चुकीने दिला आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. आठ वर्षांचा मुलगा स्कूटरवर माझ्यापुढे उभा होता. गाय आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि त्याचे तोंड हँडलवर आदळले. ओठ फाटला, पुढचा दात मुळासकट निखळून रस्त्यावर पडला. मुलाला उचलून मी दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी विचारले, ‘‘दात कोठे आहे?’’ मी निरुत्तर झालो.

कायमचा दात असा निखळला, तर मुळाला हात न लावता उचलावा, पाण्याने हलकेच धुवून लगेच जागी बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा. दात वाचण्याची आशा असते. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

चेहऱ्याच्या इजांचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पडणे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व जड असते. म्हणून तोल जाताच कपाळ वा हनुवटी प्रथम आपटते. पलंग, जिना, ओली मोरी, चाकांचा पांगुळगाडा ही घरातलीच ठिकाणे. पुढे सायकल, क्रिकेटचा चेंडू आणि दिवाळीचे फटाके येतात. दिल्लीत १५ ऑगस्टला पतंग उडतात. नायलॉनच्या मांज्यावर येथे २०१७ सालापासून बंदी आहे, तरी तो अजून गळे आणि गाल कापतो. कुत्र्याचे तोंड लहान मुलाच्या चेहऱ्याच्याच उंचीवर असते. चावा झाल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-तिखट लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात लस व प्रतिद्रव्याचे इंजेक्शन घ्यावे.

आता कायदाही जागा झाला आहे. चार वर्षांवरील मुलाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहानासाठी २०२३ सालापासून हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. परंतु कायदा आपल्या जिन्यावर येऊन उभा राहत नाही.

गावाकडच्या वाड्यात आजी, काकू, शेजारीण असे दहा डोळे मुलावर असत. येथे दार बंद, आईवडील कचेरीत. ते दहा डोळे आपण परस्परांसाठी व्हावे, एवढीच विनंती आहे.

मुलाच्या तोंडात आज कृत्रिम दात आहे, कोणाला ओळखूही येत नाही. तरी छायाचित्रात तो ओठ मिटूनच हसतो, लग्नाच्या छायाचित्रातही. त्याने मला कधी दोष दिला नाही. म्हणूनच तो मी आज आपल्यासमोर स्वतःकडे घेतला.