दूर बसून वडीलधाऱ्यांना आधार
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मुलांच्या शिक्षणाविषयी आपण नेहमीच बोलतो. आज मी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या शिक्षणाविषयी बोलणार आहे.

दादी रक्तदाबाची गोळी घेते, विसरते व पुन्हा घेते. नानांचे दूध गॅसवर उतू जाते, नमाज पढताना रकातींचा हिशेब चुकतो. मग आपण म्हणतो, "तुम्ही आता स्वस्थ बसा." त्यात माया असते, पण हातातले काम गेले की माणसाचा आत्मविश्वासही जातो.

विसरणे वाढले तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, खिन्नता, कमी ऐकू येणे किंवा एखादे औषध यांमुळेही असे होते व त्यावर इलाज असतो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा.

त्यानंतर प्रश्न रोजच्या कामांचा. कॅनडात हेलेन पोलाटायको व अँजेला मँडिच यांनी हालचालींत अडखळणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत तयार केली. पुढे टोरांटोच्या बेक्रेस्ट या संस्थेतील डीर्ड्रे डॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वयस्कांसाठी वापरली आणि संगणकाच्या पडद्यावरून, दूर बसूनही शिकवून पाहिली. तिच्या पायऱ्या चार: ध्येय, योजना, कृती आणि पडताळणी. ध्येय ज्याचे त्याने निवडायचे. उपचारक उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारून ते त्याच्याच तोंडून काढतो.

समजा, दादीचे ध्येय आहे 'गोळी रोज एकदाच'. योजना तीच सुचवील: सात खणांची डबी फजरनंतरच्या चहाच्या कपाशेजारी ठेवायची. आठवडाभर तसे करायचे. खण रिकामा झाला की नाही ते पाहायचे. चुकले तर योजना बदलायची, दादीला बोल लावायचा नाही.

भारतात दूरध्वनी व व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला देण्याचे नियम मार्च २०२० मध्ये झाले. सरकारच्या 'ई-संजीवनी' सेवेतून असा सल्ला विनामूल्य मिळतो. मात्र तोंड अचानक वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर फोन लावत बसू नका. थेट इस्पितळ गाठा.

कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आखातात नोकरीस आहेत. त्यांना माझी विनंती आहे. फोनवर "गोळी घेतलीस का?" एवढेच विचारू नका, "ठरवलेले कसे चालले आहे?" असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. विद्यार्थी मित्रहो, फोन लावून देणे तुमचे काम. उत्तर द्यायची घाई मात्र करू नका.

शेवटी एक गोष्ट. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. लहानपणी शिक्षण कमी मिळणे ही त्यांपैकी एक. मुलीला शाळेतून काढू नका. तिच्या म्हातारपणाची शिदोरी आजच बांधली जाते.

ज्यांनी आपले बोट धरून आपल्याला चालवले, त्यांना धीराने साथ देण्याची तौफीक अल्लाह आपणां सर्वांस देवो. आमीन.