तर्काची तालीम
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीनंतर वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा, हा विचार आता तालुक्याच्या गावांतल्या घरांतूनही बोलला जातो. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने १९८८ मध्ये अशा अभ्यासक्रमाची पहिली तुकडी घेतली. पुढे देशात अशी विद्यापीठे वाढत गेली. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ती आहेत. त्यांच्या प्रवेशासाठी २००८ पासून ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा होते. राज्यातल्या इतर विधी महाविद्यालयांसाठी वेगळी सीईटी असते आणि ती मराठीतूनही देता येते.

या दोन्ही परीक्षांत तर्कशक्तीचा विभाग असतो आणि मुलांना धडकी भरते ती त्याचीच. गणिताला सूत्रे आहेत, सामान्यज्ञानाला वर्तमानपत्र आहे. तर्काचे पाठांतर कसे करायचे? मग पालकच म्हणतात, ‘ते उपजतच असावं लागतं.’ हा समज आधी काढून टाकू या. कुस्तीचे डाव जसे तालमीत शिकता येतात, तसे तर्काचेही येतात.

पूर्वी क्लॅटमध्ये नातेसंबंधांची आणि बैठकव्यवस्थेची कोडी असत. २०२० पासून परीक्षेचे रूप बदलले. आता एक उतारा देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. लेखकाचा निष्कर्ष कोणता? त्याने न बोलता काय गृहीत धरले आहे? कोणत्या माहितीने त्याचे म्हणणे बळकट होईल, कोणत्या माहितीने दुबळे? १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. राज्याच्या सीईटीत गुण कापत नाहीत. तिथे मात्र कोड्यांचाही सराव हवा.

एक उदाहरण घेऊ. समजा, उताऱ्यात म्हटले आहे : ‘गावाला पक्का रस्ता झाला. त्यानंतर दोन वर्षांत शाळा सोडणाऱ्या मुलींची संख्या घटली. तेव्हा मुलींचे शिक्षण वाढवायचे तर सरकारने आधी रस्ते बांधावेत.’

इथे शेवटचे वाक्य हा निष्कर्ष आणि पहिली दोन वाक्ये हा आधार. दोहोंच्या मध्ये एक न बोललेली गोष्ट दडली आहे, ती म्हणजे गळती घटली ती रस्त्यामुळेच. प्रश्न येतो, हे म्हणणे कशाने दुबळे होईल? एक पर्याय सांगतो, ‘रस्त्याला खर्च फार आला.’ दुसरा सांगतो, ‘त्याच वर्षी गावातच दहावीपर्यंतचे वर्ग सुरू झाले.’ खर्चाची गोष्ट खरी असेल, मनाला पटेलही. पण गळती कशाने घटली, याच्याशी तिचा संबंध नाही. दुसरा पर्याय मात्र मधला सांधाच खिळखिळा करतो, कारण तो गळती घटण्याचे दुसरे कारण दाखवतो. परीक्षेतले बहुतेक सापळे असेच असतात. पर्याय खरा वाटतो, पण विचारलेल्या गोष्टीशी त्याची गाठ नसते.

ही चूक आपल्या वाडवडिलांना चांगली ठाऊक होती. ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ असे आजी म्हणते, तेव्हा ती हेच सांगत असते, की एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे होत नाही. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण तर विषयाला सोडून असलेल्या त्या खर्चाच्या पर्यायाला चपखल बसते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ हीसुद्धा तर्काचीच म्हण, पण तिला एक अट आहे. एका भांड्यातला भात सारख्याच आचेवर शिजलेला असतो, म्हणून एक शीत पुरते. माणसांचे तसे नसते. एका गावातल्या चार जणांवरून सगळ्या जिल्ह्याविषयी बोलणाऱ्याला विचारावे, भांडे एकच आहे का?

आपल्या न्यायदर्शनातले धुराचे उदाहरणही मुलांनी जरूर समजून घ्यावे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर, कारण जिथे धूर असतो तिथे अग्नी असतोच. आता उलटे करून पाहा. जिथे अग्नी, तिथे धूर असतोच का? लोखंडाचा गोळा तापून लाल होतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. नियम उलटा केला की तो खरा राहीलच असे नाही, ही एवढी गोष्ट पक्की झाली तरी कितीतरी प्रश्नांत पाय घसरायचा वाचतो.

कुणी म्हणेल, प्रवेश मिळाला की हे सारे विसरून जायचे. तसे नाही. पुण्यातल्या एका विवाहितेच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात पतीला फाशीची शिक्षा झाली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायमही केली होती. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता पुराव्याने दूर झालेली नव्हती. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी आणि आरोपी दोषी असण्यावाचून दुसरा कोणताही तर्क तिच्यातून निघता कामा नये, हे त्या निकालात बजावले गेले. ‘दोषी असू शकेल’ आणि ‘दोषीच असला पाहिजे’ यांतले अंतर न्यायालयाने १९७३ च्या शिवाजी बोबडे खटल्यातही दाखवून दिले होते. परीक्षेत जो फरक ओळखल्याने एक गुण मिळतो, त्याच फरकावर इथे एका माणसाचा जीव तोलला गेला.

मग तालीम कशी करावी? रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख घ्या. निष्कर्षाखाली रेघ मारा, आधारांना आकडे द्या आणि न बोललेले गृहीत समासात लिहा. लेखकाचे मत आपल्याला पटते की नाही, हा विचार तेवढा वेळ बाजूला ठेवा. उत्तर उताऱ्यातूनच यायला हवे. क्लॅट इंग्रजीतून असते, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी बिचकू नये. आधी मराठी लेखावर हात बसवा, मग तेच इंग्रजी लेखावर करा. भाषा बदलली तरी सांधा तोच राहतो. आणि एक वही ठेवा. चुकलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर लिहून थांबू नका; चुकीचा पर्याय आपल्याला बरोबर का वाटला, हे तीत लिहा. महिन्याभराने ती वही चाळली की आपली खोड आपल्यालाच दिसते. कुणी घाईने वाचतो, कुणी नियम उलटा करतो, कुणी स्वतःचे मत उताऱ्यात घुसडतो.

या वहीला पैसे पडत नाहीत. महागडा क्लास परवडत नाही म्हणून ज्या घरात कायद्याचा विचार सोडून दिला जातो, त्या घराने निदान ही वही आधी सुरू करावी.