झोक्याचा आलेख



आजच्या विषयाचे नाव ‘सरल हरात्मक गती’ असे भारदस्त आहे. त्या नावाला भिऊन कोणी उठून जाण्यापूर्वीच सांगतो, की ही गती आपण सर्वांनी नागपंचमीच्या झोक्यावर अनुभवलेली आहे. अनुभवलेली आहे, पण पाहिलेली मात्र नाही. ती डोळ्यांना दिसावी कशी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

एक लहान नरसाळे मीटरभर लांबीच्या दोऱ्याने टांगा, त्यात बारीक रांगोळी भरा आणि दहा सेंटिमीटर बाजूला ओढून सोडून द्या. खाली काळी फळी ठेवा. फळी स्थिर असेल तर रांगोळीची एक सरळ रेघ उमटेल. परंतु ती सारखी नसेल. दोन्ही टोकांशी रांगोळीचे ढीग साचतील आणि मध्ये ती विरळ पडेल. तो ढीग म्हणजे नरसाळ्याने तेथे घालविलेला वेळ होय. आता तीच फळी झोक्याच्या दिशेशी काटकोनात, एकसारख्या वेगाने ओढू लागा. रेघेची नागमोडी लाट होते. हाच आपला आलेख! फळीच्या लांबीकडे काळ आणि रुंदीकडे नरसाळ्याचे स्थान. पुष्कळांचा येथे घोटाळा होतो. लाट पाहून त्यांना वाटते, नरसाळेच नागमोडी चालले. ते बिचारे त्याच एका वाटेने ये-जा करीत होते. पुढे गेला तो काळ.

आता थोडे मोजू. मीटरभर लंबकाला एका पूर्ण हेलकाव्यास सुमारे २ सेकंद लागतात, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत अर्धा सेकंद. त्या दहा सेंटिमीटरांपैकी पहिले पाच तो १/६ सेकंदात तोडतो. उरलेल्या पाचांना १/३ सेकंद, म्हणजे बरोबर दुप्पट वेळ घेतो. झोक्यावरच्या मुलीचा फोटो टोकाला टिपला तर स्पष्ट येतो, तो यामुळेच.

लाटेचा चढ जितका उभा, तितका वेग अधिक. मध्यरेषा ओलांडताना तो सर्वांत उभा असतो. शिखरावर रेघ सपाट, म्हणजे वेग क्षणभर शून्य. मग जेथे वेग शून्य, तेथे ओढही शून्य असेल काय? चांगली शिकलेली माणसेही येथे ‘हो’ म्हणून जातात. पण रेघेचा वाक पहा. ती सर्वांत अधिक वाकते ती शिखरावरच, आणि वाकते मध्यरेषेकडे. वेग बदलतो म्हणून रेघ वाकते, आणि वेग बदलविते ती ओढ. मध्यावर रेघ जवळजवळ सरळ असते. तेथे ओढ नाही, केवळ मिळविलेल्या वेगावर नरसाळे पुढे जाते. मध्यापासून जितके दूर, तितक्याच प्रमाणात परत खेचणारी ओढ, ही सरल हरात्मक गतीची व्याख्या. लंबकाला ती लहान हेलकाव्यांपुरतीच लागू पडते, हे मात्र ध्यानात ठेवावे. हेलकावे मंदावले की लाटा ठेंगण्या होतात, त्यांमधील अंतर तेच राहते. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ योजले ते याच गुणाच्या जोरावर.

आता झोका सोडून समुद्राकडे येऊ, कारण तेथे हा आलेख न समजल्याने माणूस संकटात सापडतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. भरतीचे पाणीही जवळजवळ अशाच वळणाने चढते. जवळजवळ म्हणतो, कारण भरती ही अशा अनेक गतींची बेरीज असते. ती बेरीज करणारे यंत्र विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७२ मध्ये योजले. समजा, ओहोटीपासून भरतीपर्यंत ६ तास आणि पाण्याचा चढ ४ मीटर. पहिल्या तासात पाणी २७ सेंटिमीटर चढते. किल्ल्यात बसलेला गृहस्थ ते पाहून त्रैराशिक मांडतो: तीन तासांत ८१. पण दुसऱ्या तासात पाणी ७३ चढते, तिसऱ्यात १००. त्याच्या ८१ च्या जागी २०० सेंटिमीटर पाणी चढलेले असते, आणि चौथ्या तासातही ते आणखी १०० चढावयाचे असते.