साखर आणि उतावीळ बिंबाणू



सुवर्णमहोत्सवाच्या श्रीखंडपुरीपूर्वी हा विषय काढतो, म्हणून आम्हांस खुशाल अरसिक म्हणावे.

मधुमेह म्हटला की आपण डोळ्यांची, मूत्रपिंडांची काळजी करतो. बिंबाणूंचे, म्हणजेच प्लेटलेट्सचे, नाव सहसा निघत नाही. जखम होताच एकमेकांस चिकटून रक्तस्राव थांबविणाऱ्या या कणांचे आयुष्य अवघे ७ ते १० दिवसांचे. रक्तातील साखर सतत चढी राहिली, की ती त्यांच्या आवरणातील प्रथिनांस जडते आणि ते क्षुल्लक निमित्तानेही चिकटू लागतात. हृदयाच्या वा मेंदूच्या धमनीत गुठळी होण्याचा धोका त्याने वाढतो. तपासणीत संख्या घनमिलिमीटरला १.५ ते ४ लाख, म्हणजे यथास्थित, दिसते. पालटलेला स्वभाव त्या आकड्यात दिसत नाही.

मग रोज अ‍ॅस्पिरिन घ्यावी काय? ती बिंबाणूंना आवरते खरी. परंतु हृदयविकार नसलेल्या १५,४८० मधुमेहींवर ब्रिटनमध्ये झालेल्या ‘असेंड’ चाचणीत (२०१८) हृदयाचे व मेंदूचे आघात काहीसे घटले, तर मोठे रक्तस्राव जवळजवळ तितकेच वाढले. पंगतीतील शेजाऱ्याच्या सल्ल्याने ही गोळी सुरू करणे आम्हांस मुळीच मान्य नाही. ज्यांस झटका येऊन गेला आहे, त्यांनी मात्र ती डॉक्टरांना विचारल्याविना बंद करू नये.